तलासची कानातली

बिश्केक, २१ नोव्हेंबर

बुरुल एजे,

काल दुपारी सव्वातीन वाजता बेगाइमने डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि माझं सगळं बदललं. घड्याळ मी मुद्दाम बघून ठेवलं. तिच्या कानात कानातली होती. रुप्याची, जुनी, खाली पोवळ्याचा लाल थेंब. अकरा दिवसांपूर्वी ती तलासला गेली तेव्हा कान मोकळे होते. बाकी कशाचा हिशेब मी ठेवत नाही, पण त्या कानांची मला खडान्‌खडा माहिती आहे.

पहिल्यापासून सांगतो, कारण आईला सांगता येत नाही, थोरल्या बहिणीला येतं. आईला वाटतंय मी अजून जनावरांच्या डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्चमध्ये प्राध्यापकाशी वाजलं, मी गुणपुस्तिका त्याच्या टेबलावर आपटली आणि निघून आलो, एवढं तुला माहीत आहे. तेव्हापासून काय करतो ते माहीत नाही. इथे दर डिसेंबरात मानवी हक्कांवरच्या माहितीपटांचा महोत्सव भरतो, देशोदेशीचे चित्रपट येतात, आणि वर्षभर त्यांचे छोटे खेळ चालूच असतात. तिथे मी आवाज देतो. सभागृहाच्या मागे काचेची एक खोली आहे, कपाटाएवढी. कानाला यंत्र लावून बसायचं, पुढ्यात संवादांचे कागद, आणि पडद्यावर कुणी बोललं की लगेच त्याचा तर्जुमा माइकमध्ये वाचायचा. बाई बोलो, पोर बोलो, मंत्री बोलो, आवाज माझा एकट्याचा. नियम एकच. आवाजात रडू आणायचं नाही, राग आणायचा नाही, पाणी घातलेल्या दुधासारखं सपक वाचायचं. तुझ्यासारख्या भडक डोक्याला हे जमतं कसं, असं सगळे विचारतात. जमतं, कारण त्या काचेतून बेगाइम दिसते. एरवी ती चित्रपटांसाठी आवाज नोंदवते आणि खेळ संपला की प्रश्न विचारणाऱ्यांकडे माइक घेऊन धावते.

वसंतात एकदा ट्रॉलीबसमध्ये माझे हात गारठले होते. तिने माझा उजवा हात ओढून स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला आणि सात थांबे तसाच ठेवला. त्या सात थांब्यांवर मी आजवर जगतोय.

आता तिलेक. तो दिग्दर्शक आहे. पस्तिशीचा, दाढीवाला, परदेशात बक्षिसं मिळवलेला. बोलतो इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागतं. घर तलासला. यंदाचा चित्रपट त्याने तिथेच काढला, आवाजासाठी बेगाइमला घेऊन गेला आणि अकरा दिवस सगळे त्याच्या आईच्या घरी राहिले. आईच्या घरी, एजे.

मी विचारलं, ही कुठली. ती म्हणाली, एका आईने घातली. कुणाच्या आईने? तर म्हणाली, दहा तारखेपर्यंत थांब, तेव्हा कळेल, मी शब्द दिलाय. त्या चित्रपटाबद्दल कुणीच चकार शब्द काढत नाही हे खरं आहे. मागे एका चित्रपटाची बातमी फुटली आणि खेळाच्या दोन दिवस आधी तो बंद पाडला गेला, म्हणून यंदा कार्यक्रमपत्रिकेत नुसतं ‘विशेष खेळ’ छापलंय. मलासुद्धा कागद शेवटी मिळणार. पण चित्रपटाचं गुपित ते चित्रपटाचं. कानातल्यांचं गुपित कशाला हवं?

तिलेक शेजारीच उभा होता. मला म्हणाला, “शोभतात ना?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलाची आई येते, मुलीच्या कानात घालते, आणि मुलगी त्या घरची होते. हे तुला मी शिकवायला नको. तू फक्त लिही, की एर्मेक, तू चुकतोयस. थोरल्या भावासारख्या जापार बायकेच्या गाडीतून हे पत्र पाठवतोय. तलासला जाताना तो तुझ्या चौकीवर चहाला थांबतोच.

तुझा,
एर्मेक


सूसामीर, २४ नोव्हेंबर

एर्मेक,

पत्र मिळालं. ते हातात देण्याआधी जापारने दोन पेले चहा संपवला आणि तुझ्या भावाचं तोंड सुक्या दह्याची आंबट गोळी, कुरुत, चघळल्यासारखं झालंय, असं सांगितलं. इथे उणे एकोणीस. दिवसातून आठ वेळा बाहेर जाऊन बर्फ मोजायचा, खिंडीतला वारा बघायचा, आकडे वायरलेसवरून कळवायचे, मग चुलीशी येऊन बसायचं. म्हणजे तुझं दुःख वाचायला माझ्याकडे वेळच वेळ आहे.

तिच्या कानांचं नंतर बघू, आधी तुझे टोचते. आईने मागच्या महिन्यात मला विचारलं, एर्मेकला मेंढ्यांच्या खुरांवरचा धडा झाला का? मी म्हटलं, झाला. यापुढचे धडे तूच दे तिला. माझी खोटं बोलायची ताकद संपत आली.

आता तू चुकतोयस असं मी लिहावं अशी तुझी इच्छा. नाही लिहिता येत रे. माया करायची असली तर बाई शाल घालते, अंगठी देते, मिठाई बांधून देते. कानातली कुणी सहज म्हणून घालत नाही. बाकितची आई माझ्या कानात घालून गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, तुला त्या दिवशी तळलेले बोरसोक तेवढे आठवत असतील. चौदा महिने होती माझ्या कानात. मग तो रशियात गेला, तिकडेच कुणाशी तरी लग्न केलं, आणि त्याच्या आईने माणूस पाठवून कानातली परत मागवली. मी आरशासमोर काढली, कागदात बांधली, त्या माणसाला वर चहा पाजला. भोकं अजून बुजलेली नाहीत.

म्हणून सांगते, ती मुलगी दुसऱ्या घरची झाली. सात थांबे झाले ना? काही जणांना तेवढेही मिळत नाहीत. आता खाली उतर.

आणि काही करू नकोस. तू काहीतरी करणार हे मला दिसतंय. डोकं फिरलं की तुझी अक्षरं डावीकडे झुकतात, आणि हे पूर्ण पत्र झोपलेलं आहे.

बुरुल


बिश्केक, २८ नोव्हेंबर

एजे,

तू म्हणालीस काही करू नकोस. मी करून मोकळा झालो.

हा आठवडा कसा गेला तुला कल्पना नाही. ते दोघं एका खोलीत बसून चित्रपटाचा आवाज जुळवतात. दार बंद असतं. मी बाहेरच्या बाकावर आल्यागेल्यांचे बूट बघत बसतो. आतून कधी तिचं हसू येतं, कधी बराच वेळ काहीच येत नाही, आणि ते काहीच न येणं मला हसण्यापेक्षा जास्त ऐकू येतं. एकदा ती डोळे लाल करून बाहेर आली. तिलेकने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिने तो ठेवू दिला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही, तू चहा घेतलास का? मला चहा विचारते आणि खांदा त्याला देते.

मंगळवारी तिने स्वतःहून दोन्ही कानातली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एकाचा आकडा सैल झाला होता. म्हणाली, ओश बाजारात तो रुप्याचा म्हातारा कारागीर बसतो ना, त्याच्याकडून घट्ट करून आण, दोन्ही ने म्हणजे तो सारखी करून देईल. “जपून हं, एर्मेक. माझा जीव आहे त्यांच्यात.” रुपं तिच्या कानांनी अजून गरम होतं.

मी म्हाताऱ्यापर्यंत गेलो. त्याने हात पुढे केला. मी हात मागे घेतला. तो म्हणाला, तरुण माणसा, रुपं दाखवायला आलास की स्वतःला? तिथून मी सरळ गाड्यांच्या तळावर गेलो.

एका कागदावर लिहिलं, ‘मला ही नकोत. बेगाइम.’ तिचं अक्षर मला माझ्या अक्षरापेक्षा जास्त पाठ आहे. कानातली त्या कागदासकट रुमालात बांधली आणि वर तिलेकच्या आईचं नाव नि गाव घातलं. पुडकं जापार बायकेच्या आतल्या खिशात आहे आणि हे पत्र बाहेरच्या. तू हे वाचशील तेव्हा ती कानातली तुझ्या चुलीपासून चार हातांवर असतील. हवं तर थांबव. पण एजे, तुझ्याकडून त्यांनी परत नेली तेव्हा घरात कुणी तोंड उघडलं नाही. एकदा तरी आपल्याकडून परत जाऊ दे.

बेगाइमला सांगितलंय, कारागिराकडे गर्दी आहे, आठवडा लागेल. तिने लगेच मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवायला तिला किती सोपं जातं.

एर्मेक


सूसामीर, २ डिसेंबर

एर्मेक,

हे बसून वाच.

त्या दिवशी जापार चहा पीत असताना मी तुझं पत्र वाचलं आणि त्याच्याकडून पुडकं मागून घेतलं. रुमालातून आकडे बोटांना लागले. हे इथेच राहू दे, असं मी म्हटलं असतं तर त्याने खुशाल ठेवलं असतं. मी म्हटलं नाही. पुडकं त्याच्या खिशात परत घातलं आणि वर खिशाचं बटण लावून दिलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. गेली अकरा वर्षं कुणाच्याही कानात काही हललेलं मला बघवत नाही. तुझ्या पोटात दुखतंय ते नवीन आहे. माझं जुनं आहे, म्हणून मी शहाणी दिसते.

काल जापार परतीच्या वाटेवर थांबला. मी त्याला विचारलं, पुडक्याचं काय झालं.

तिलेकच्या आईने दार उघडलं. तिच्या मागे तिची सून उभी होती, कडेवर एक, हाताला एक. तिलेकची बायको, एर्मेक. सात वर्षं त्याच घरात राहते. बिश्केकमध्ये एवढी साधी गोष्ट विचारायला तुला एक माणूस भेटलं नाही?

म्हातारीने रुमाल सोडला, कानातली ओळखली आणि म्हणाली, ही तर आमच्या सबिराची. मग जापारलाच घेऊन दोन घरं पलीकडे गेली. ही सबिरा पंचावन्नच्या पुढची, एकटी राहते. तिने फाटकातच उभं राहून चिठ्ठी वाचली. जापार म्हणतो, दोनदा वाचली. मग एवढंच विचारलं, “पोरगी बरी आहे ना?” तो म्हणाला, मला काय माहीत, मी गाडी चालवतो. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

ही सबिरा कोण ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक असायला हवं, त्या लोकांत तू वावरतोस. शोध. आणि बेगाइमला सगळं सांग, आजच्या आज. कारागिराच्या नावावर अजून एक दिवस ढकलू नकोस.

बटण मीच लावलं. तेही तिला सांगितलंस तरी चालेल.

बुरुल


बिश्केक, ५ डिसेंबर

एजे,

सांगितलं नाही. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी तिलेकने संवादांचे कागद माझ्या हातात ठेवले. म्हणाला, आता तू आमच्यातला, तोंड बंद ठेव. मी वाचत गेलो.

सबिरा अपा, सगळे तिला अशीच, आई म्हणून हाक मारतात, तिचा मुलगा नुरबोलोत. तेवीस वर्षांचा. सहा वर्षांपूर्वी राजम्याच्या शेतातून त्याला पोलिसांनी चौकशीला म्हणून नेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आणून दिलं, चादरीत गुंडाळून. सरकारी कागदावर लिहिलंय की जिन्यावरून पडला. सबिरा अपा कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, ती इमारत एकमजली आहे, जिना कुठे होता तेवढं मला दाखवा, मग मी घरी बसते. दर शुक्रवारी ती न्यायालयासमोर त्याचा फोटो घेऊन उभी राहते. सहा वर्षं.

एकोणिसाव्या कागदावर एक प्रसंग आहे. काम संपलंय, सामान बांधून झालंय, बेगाइम आवाजाचं यंत्र गुंडाळतेय, आणि अपा पेटीतून काहीतरी काढून तिच्याजवळ येते. तिलेकने कॅमेरा बंद केला नव्हता. अपा म्हणते, ‘ही मला माझ्या सासूने घातली होती. मी नुरबोलोतच्या बायकोसाठी ठेवली. ती कोण असती, मला माहीत नाही. तू घाल पोरी. कुणाच्या तरी कानात हलू देत.’

मी एका मेलेल्या मुलावर जळत होतो, एजे.

आता पुढचं ऐक. दहा तारखेला चित्रपट संपल्यावर अपा स्वतः मंचावर येऊन प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज देणार होती. तिच्यासाठी लांबून दोन वकील येताहेत, सही त्यांच्यासमोर व्हायला हवी. परवा तिचा फोन आला, मला बरं नाही, मी येत नाही. तेव्हापासून फोन बंद. तिलेकला वाटतं कुणीतरी तिला धमकावलं. बेगाइम काही खात नाही. सारखी कानाच्या पाळीला हात लावते आणि मला विचारते, कारागिराने दिली का रे?

आज तिने पाचव्यांदा विचारलं आणि मी म्हटलं, उद्या. एवढा भित्रा मी आहे हे मलाही माहीत नव्हतं.

सात तारखेच्या गाडीने तलासला जातोय. रस्त्यावर येऊन उभी राहा.

एर्मेक


सूसामीर, ८ डिसेंबर

एर्मेक,

काल गाडी थांबली आणि तू खाली उतरला नाहीस. काचेतून बघितलंस फक्त. तुझ्या पोटात अन्न नव्हतं ते मला रस्त्यावरून दिसलं. खिडकीतून दिलेली भाकरी खाल्लीस ना? हे पत्र तलासकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीने जापारकडे पाठवतेय, तो ते तुझ्या हातात देईल.

उद्या दुपारपर्यंत ओत्मोक खिंड उघडी आहे. त्यानंतर बर्फ येतोय आणि मी रस्ता बंद करायला कळवणार. तुझ्यासाठीसुद्धा आकडा इकडचा तिकडे करणार नाही, एकदा बटण लावलं तेवढं पुरे. पहाटेच निघा.

ती आली तर तिला पुढच्या जागेवर बसव आणि पाय घोंगडीत गुंडाळ. नाही आली तर तिच्यावर रागावू नकोस. तिच्या दारात उभं राहून रागावण्याचा हक्क तुला नाही. मलाही नाही.

बुरुल


बिश्केक, ११ डिसेंबर

एजे,

आज निघायचंय, म्हणून घाईत लिहितोय, पण एकही गोष्ट गाळणार नाही.

तलासला पोचलो तेव्हा सबिरा अपा ओसरीवर राजमा निवडत होती. लाल एका ढिगात, पांढरे दुसऱ्या. मी फाटकातूनच सगळं बोलून टाकलं, नाव, गाव, चिठ्ठी, अक्षर. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, “अक्षर छान आहे तुझं. मला वाटलं तिचंच.” मला वाटलं ती आता काठी उचलेल. उचलली असती तर बरं झालं असतं.

तिने विचारलं, कुणावर जळत होतास? मी म्हटलं, आधी तिलेक बायकेवर. मग कागद वाचले, आणि... तीच म्हणाली, “माझ्या नुरबोलोतवर?” मी मान डोलावली.

एजे, ती हसली. हसता हसता तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं, पण ती हसत होती. म्हणाली, “त्याच्या वाट्याला काही आलंच नाही रे. त्याच्यावर कुणी जळावं असं एवढंसंसुद्धा नाही. एका मुलीवरून माझ्या मुलावर जळलेला तू पहिला.”

मग तिने राजमा पोत्यात भरला, भिंतीवरचा फोटो उतरवून रुमालात बांधला आणि म्हणाली, मी येते. पण त्या पोरीला मी काही सांगणार नाही. ते तू सांगायचं, तुझ्या तोंडाने, चिठ्ठीने नाही. दोन रात्री तिच्या चुलीजवळ झोपलो, तुझं पत्र मिळालं आणि नऊ तारखेला पहाटे निघालो. तुझ्या चौकीवरून गेलो तेव्हा तू वायरलेसवर होतीस. अपाने तुला हात केला. तू बघितलंस की नाही, कळलं नाही.

काल सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. पुढच्या रांगेत दोन वकील, आणि तिसऱ्या रांगेत चकचकीत बुटांची चार माणसं, ज्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. अपा किर्गीझमध्ये बोलते, तिचं बोलणं रशियनमध्ये माझ्या तोंडून जायचं होतं, पाहुण्यांना आणि त्या चौघांनाही. एकमजली इमारतीचं वाक्य आलं तेव्हा मी ते तसंच सपक वाचलं. एकोणिसावा कागद आला. काचेतून मला बेगाइमची पाठ दिसत होती, मोकळे कान. ‘कुणाच्या तरी कानात हलू देत.’ आवाजात काही येऊ दिलं नाही. कागद मात्र खालून फाटला, मी किती घट्ट धरला होता ते नंतर कळलं.

दिवे लागले. अपा मंचावर गेली, फोटो टेबलावर उभा केला आणि अर्जावर हळूहळू, एकेक अक्षर काढत सही केली. वकिलांनी तिथेच मोहोर उमटवली. चकचकीत बुटांपैकी एक जण उठून निघून गेला. अपाने त्याच्याकडे बघून माइकमध्ये म्हटलं, बस की बाळा, चहा होईल आता. लोक हसले आणि मग बराच वेळ टाळ्या वाजल्या.

त्यानंतर मी बेगाइमला कोट ठेवायच्या खोलीशी गाठलं आणि सांगितलं. सगळं. तिने पुरतं ऐकून घेतलं. तिचे दोन्ही हात तिच्या खिशात होते. मी म्हटलं, मला वाटलं तू त्याची झालीस. ती म्हणाली, “दहा तारखेपर्यंत थांब म्हटलं होतं मी. वीस दिवस. माझ्या शब्दावर वीस दिवससुद्धा थांबता आलं नाही तुला.” मी म्हटलं, मी जळत होतो. ती म्हणाली, ते मला कळत होतं आणि मला बरंही वाटत होतं, म्हणून तर आणखी राग येतोय. मग म्हणाली, आता मला काही विचारू नकोस. कधी बोलायचं ते मी ठरवीन. तू फक्त थांब. बघू या वेळी जमतं का.

अपा मागून आली. कानातली तिच्याजवळच होती. तिने बेगाइमची टोपी काढली आणि एकेक करून पुन्हा घातली. सैल आकडा तिने तलासमध्येच दातांनी दाबून घट्ट केला होता. एवढंच काम होतं ते, एजे.

तिलेक बाहेर पायरीवर सिगरेट ओढत होता. मी त्यालाही सांगितलं. त्याने सिगरेट पायरीवर विझवली. मग त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, माझ्या बायकोला सांगतो, खूश होईल, मला कुणी एवढा रंगेल समजलं म्हणून. मग म्हणाला, उद्यापासून चित्रपट घेऊन आम्ही नारीनला, तिथून ओशला आणि पुढे तालुक्याच्या गावांना जातोय. वाचायला तूच चल. सबिरा अपा म्हणते, दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती बोलणार नाही.

हा माणूस वाईट नाही, आता तर चांगला आहे हे मला पुराव्यानिशी माहीत आहे. तरीही तो बोलला की बेगाइम वाकून ऐकते आणि मला अजून जळतं. तुझं जुनं कधी बरं झालं की मला कळव, औषध काय घेतलंस ते लिही.

आज सकाळी आईला फोन करून कॉलेजचं सांगितलं. ती म्हणाली, खुरांचा धडा झाला म्हणे? मी म्हटलं, नाही झाला. ती म्हणाली, मला मार्चपासून माहीत आहे, फक्त तुम्ही दोघं किती दिवस टिकता ते बघत होते.

गाडी खाली आली आहे, भोंगा वाजतोय. खिडकीतून दिसतंय, तिलेक चालवायला बसलाय, शेजारी बेगाइम, मधल्या बाकावर अपा, तिच्या मांडीवर फोटो आणि पायाशी राजम्याचं पोतं. माझी जागा सगळ्यात मागे. तिथून नारीनपर्यंत सहा तास ती कानातली माझ्या डोळ्यांसमोर हलत राहणार, आणि मला तोंड मिटून बसायचंय.

हे पत्र वाटेत जापार बायकेच्या तळावर देतो. फाटलेला कागद चिकटवून घेतलाय, बाकीचे काखेत आहेत, दिवा मालवलाय. निघालो. दार ओढून घेतो.

एर्मेक